डेट्रॉइटचं टायगर स्टेडियम: भांडण स्टँडवरून झालं, मैदानाचा विचार कोणी केलाच नाही

थोडक्यात प्रकरण

डेट्रॉइटमध्ये मिशिगन अव्हेन्यू आणि ट्रंबुल अव्हेन्यू जिथे भेटतात त्या कोपऱ्यावर १८९६ ते १९९९ असा शंभर वर्षांहून जास्त काळ बेसबॉल खेळला गेला. तिथलं टायगर स्टेडियम, म्हणजे डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाचं घर, २००८-०९ मध्ये पाडलं. पाडण्यावर मतं वेगवेगळी आहेत आणि राहतील, पण निर्णय कसे कसे होत गेले, कुठल्या वळणावर कुठला पर्याय टेबलावर होता आणि कुठला कोणाला सुचलाच नाही, हे नीट मांडलेलं मला मराठीत कुठे दिसलं नाही म्हणून हा खटाटोप. इथे मिशिगनमध्ये गाड्यांच्या धंद्यामुळे पुण्याकडची बरीच मंडळी आहेत, त्यातल्या अनेकांनी हा कोपरा गाडीतून जाताना पाहिला असेल पण तिथे काय होतं हे माहीत नसेल, त्यांच्यासाठीही. स्वयंसेवक आणि अधिकारी यांची नावं मुद्दाम टाळली आहेत, खेळाडू आणि जाहीर पदावरची माणसं मात्र नावानिशी येतील.

पार्श्वभूमी

हा कोपरा कॉर्कटाउनमधला, आयरिश कामगारांची जुनी वस्ती. तिथे आधी गवताचा बाजार भरायचा. १८९६ ला त्या जागेवर बेनेट पार्क नावाचं लाकडी मैदान झालं, चार्ली बेनेट नावाच्या कॅचरचं (विकेटकीपरसारखा, बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणारा) नाव दिलं होतं ज्याचे पाय १८९४ मध्ये रेल्वेखाली गेले. बाजाराच्या फरसबंदीचे दगड काढायचा त्रास कोणी घेतला नाही, वरून माती पसरली आणि खेळ सुरू, मग मधूनच एखादा दगड वर यायचा आणि बॉल भलतीकडेच उसळायचा.

२० एप्रिल १९१२ ला त्याच जागेवर पोलाद आणि काँक्रीटचं नॅविन फील्ड उघडलं, २३ हजार लोक बसतील एवढं. बॉस्टनचं फेनवे पार्क उघडलं तोही हाच दिवस, हे लक्षात ठेवा कारण पुढे फेनवेकडे परत यावं लागणार आहे. टीमचे मालक नॅविन १९३५ ला गेले, टायगर्सनी पहिली वर्ल्ड सिरीज (वर्षाअखेरची अजिंक्यपदाची मालिका) जिंकल्यावर काही आठवड्यांतच. नंतरचे मालक वॉल्टर ब्रिग्ज यांनी चारही बाजूंनी दोन मजली स्टँड चढवले, १९३८ मध्ये नाव झालं ब्रिग्ज स्टेडियम, आणि क्षमता ५० हजारांच्या वर गेली. टायगर स्टेडियम हे नाव १९६१ चं.

आता ही जागा खास का, तर खेळाच्या दृष्टीने ती विचित्र होती आणि त्या विचित्रपणातच मजा होती. उजव्या बाजूचा वरचा मजला खालच्यापेक्षा १० फूट पुढे आलेला, त्यामुळे खाली फील्डर बॉलची वाट बघत उभा आणि बॉल त्याच्या डोक्यावर वरच्या मजल्यात अडकून होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा). मध्यभागी कुंपण ४४० फुटांवर, आणि १२५ फुटी झेंड्याचा खांब थेट खेळाच्या हद्दीत, बॉल त्याला लागला तरी खेळ चालूच. टायगर्सचा जुना दिग्गज टाय कॉब याच्या काळात होम प्लेटसमोरची (बॅटर जिथे उभा राहतो आणि धाव पूर्ण करायला जिथे परत यावं लागतं त्या जागेसमोरची) माती इतकी भिजवून ठेवायचे की त्याने बॅटने हळूच ढकललेला बॉल चिखलात थांबावा आणि त्याने पळत पहिला बेस, म्हणजे धावेचा पहिला टप्पा, गाठावा, त्या ओल्या पट्ट्याला लोक कॉबचं तळं म्हणायचे.

आणि खांब. वरचा मजला आणि छत तोलायला पोलादी खांब स्टँडच्या मधोमध उभे होते, त्यांच्या मागे बसणाऱ्याला पिचर (बॉल टाकणारा) तरी दिसायचा नाही किंवा बॅटर तरी. पण त्याच खांबांमुळे वरचा मजला मैदानाच्या अगदी जवळ आणता आला. नव्या स्टेडियममध्ये खांब नसतात म्हणून वरचा मजला मागे ढकलावा लागतो, सगळ्यांना सगळं दिसतं पण लांबून. पुढची सगळी चर्चा या एका गोष्टीभोवती फिरत राहिली.

या मैदानावर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या यँकीज संघाच्या बेब रूथने ७०० वा होम रन मारला. मे १९३९ मध्ये त्याच संघाच्या लू गेरिगने सलग २,१३० सामन्यांनंतर स्वतःहून बाहेर बसायचं ठरवलं तेही इथेच. पण डेट्रॉइटच्या माणसाला विचाराल तर तो १९६८ सांगेल. आदल्या वर्षी, जुलै १९६७ मध्ये, शहर पेटलं होतं, सामना चालू असताना स्टँडमधून धूर दिसत होता, आणि सामना संपल्यावर विली हॉर्टन हा डेट्रॉइटमध्येच वाढलेला काळा खेळाडू टायगर्सच्या गणवेशातच दंगलीच्या रस्त्यावर गेला आणि एका गाडीवर चढून लोकांना घरी जा म्हणून विनवत राहिला. पुढच्या वर्षी वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात संघ हरायच्या बेतात असताना याच हॉर्टनने डाव्या बाजूने थेट होम प्लेटवर थ्रो केला, समोरच्या संघातला लू ब्रॉकसारखा वेगवान माणूस घसरून यायच्या ऐवजी उभाच आला, कॅचर बिल फ्रीहनने पाय रोवून वाट अडवली, ब्रॉक आउट. तिथून सिरीज फिरली आणि टायगर्स जिंकले.

एक गोष्ट मात्र गौरवगाथेत बुजवू नये. टायगर्सनी पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ओझी व्हर्जिल, घेतला तो १९५८ मध्ये, मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीच्या, संघांत शेवटून दुसरे. त्या लीगमधला आधुनिक काळातला पहिला काळा खेळाडू जॅकी रॉबिन्सन याच्यानंतर ११ वर्षांनी. काळ्या वस्तीतल्या जुन्या लोकांना हे स्टेडियम आपलं वाटायला वेळ लागला, आणि 'शहराची आठवण' असं सरसकट म्हणताना हे विसरून चालत नाही.

अडचण कुठे सुरू झाली

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नदीकाठी छत असलेलं नवं स्टेडियम बांधायची योजना होती, ती कोर्टात पडली. फुटबॉलवाले लायन्स, जे १९३८ पासून इथेच खेळायचे, ते पाँटिअॅकला निघून गेले. मग १९७७ च्या सुमाराला मालक जॉन फेट्झर यांनी स्टेडियम शहराला एका डॉलरला विकलं आणि परत भाड्याने घेतलं. शहराने दुरुस्तीला पैसे उभे केले, जुन्या हिरव्या खुर्च्या जाऊन निळ्या-नारिंगी आल्या.

माझ्या मते हे पहिलं आणि सगळ्यात मोठं वळण, आणि त्यावेळी ते कोणालाच तसं वाटलं नाही. एक डॉलरमध्ये मालकी शहराकडे गेली, वापर टीमकडे राहिला. म्हणजे ज्याला जागा वापरायची आहे त्याला ती जपायची जबाबदारी नाही, आणि ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याला ती वापरता येत नाही. आपल्याकडे वानखेडे झाल्यावरही चालत दहा मिनिटांवरचं ब्रेबॉर्न टिकलं, कारण ते क्लबचं स्वतःचं होतं आणि क्लबला ते हवं होतं. इथे तसा कोणी धनी उरला नाही.

१९८० च्या दशकात बेसबॉलचं अर्थकारण बदललं. तिकिटापेक्षा कंपन्यांना भाड्याने द्यायचे आलिशान बॉक्स, रेस्टॉरंट, पार्किंग यातून पैसा यायला लागला, आणि टायगर स्टेडियममध्ये यातलं फारसं काहीच शक्य नव्हतं. त्याचवेळी महापौर कोलमन यंग आणि टीम दोघेही म्हणायला लागले की बांधकाम जुनं झालंय, गंजलंय.

पर्याय आणि त्यांचा विचार

१९८७ मध्ये काही चाहत्यांनी एकत्र येऊन टायगर स्टेडियम फॅन क्लब काढला. एप्रिल १९८८ मध्ये, स्टेडियमच्या ७६ व्या वाढदिवसाला, हजारावर लोकांनी हात धरून अख्ख्या स्टेडियमला मिठी मारली. पुढच्या वर्षी ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीतही गेलं. पण नुसत्या भावनेवर ते थांबले नाहीत ही त्यांची खरी कमाल. क्लबमधल्या एका आर्किटेक्ट जोडप्याने १९९० मध्ये चक्क आराखडा करून दिला, कॉक्रेन प्लॅन, बाजूच्या रस्त्याचं आणि जुन्या कॅचर-मॅनेजरचं नाव. अंदाजे २ कोटी ६० लाख डॉलरमध्ये जुना सांगाडा ठेवून आलिशान बॉक्स, रुंद पॅसेज, नवीन सोयी. नव्या स्टेडियमचा खर्च याच्या कितीतरी पट होता.

या आराखड्यावर टीमने कधी गंभीरपणे बसून चर्चा केली नाही. म्हणजे नकार हिशोब तपासून आलेला नव्हता. टीमला नवीन स्टेडियम हवं होतं आणि २ कोटी ६० लाखांत होतंय हे ऐकायची कोणाची तयारी नव्हती.

१९९२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारांनी ठरवलं की नव्या स्टेडियमला शहराचा पैसा द्यायचा नाही. मोठा विजय होता. त्याच वर्षी टीम माइक इलिच यांच्याकडे गेली, ज्यांचा पिझ्झाचा धंदा, आणि त्यांना स्टेडियम डाउनटाउनमध्ये हवं होतं. १९९६ ला परत मतदान झालं आणि या वेळी प्रचंड बहुमताने कौल उलटा लागला. चार वर्षांत काय बदललं? महापौर बदलले, डाउनटाउनचं पुनरुज्जीवन हा शब्द आला, आणि लोकांसमोर प्रश्न असा आला की नवीन स्टेडियम हवं की नको. जुन्याचं पुढे काय करायचं हा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हताच.

फेनवेचं बघा. १९९९ मध्ये बॉस्टनच्या टीमनेही फेनवे सोडून शेजारी नवं बांधायची योजना जाहीर केली होती. २००२ मध्ये टीमचे मालक बदलले, नव्या मालकांनी आहे तेच सुधारायचं ठरवलं, उंच भिंतीवर खुर्च्या टाकल्या, पॅसेज वाढवले, आणि आज ते उभं आहे. एकाच दिवशी उघडलेली दोन स्टेडियम, दोन्हींत खांब, दोन्ही अडचणीची. म्हणून 'पाडण्याशिवाय इलाजच नव्हता' हे मला पटत नाही.

शेवटचा सामना आणि नंतरची रिकामी वर्षं

२७ सप्टेंबर १९९९ ला शेवटचा सामना झाला, ४३ हजारांवर लोक, टायगर्सनी कॅन्सस सिटीला ८-२ ने हरवलं. त्या दिवशी खेळाडूंनी जुन्या दिग्गजांचे नंबर पाठीवर घातले होते आणि सेंटर फील्डमध्ये गेब कॅपलरच्या पाठीवर नंबरच नव्हता कारण टाय कॉबच्या काळात नंबर नसायचे. आठव्या इनिंगमध्ये रॉबर्ट फिकने सगळे बेस भरलेले असताना मारलेला बॉल उजवीकडच्या छतावर जाऊन आदळला. सामना संपल्यावर होम प्लेट खणून काढली आणि नव्या कोमेरिका पार्कला नेऊन बसवली.

नवं स्टेडियम एप्रिल २००० मध्ये सुरू झालं. आणि जुन्याचं? काही नाही. एका सिनेमासाठी ते यँकी स्टेडियम म्हणून रंगवलं, अधूनमधून एखादा कार्यक्रम, बाकी कुलूप. प्रस्ताव येत राहिले, छोट्या लीगची टीम आणा, घरं बांधा, दुकानं काढा, काहीच पुढे सरकलं नाही. शहर देखभालीवर पैसे घालवत होतं आणि दरवर्षी बांधकाम आणखी खराब होत होतं. २००० साली जे वाचवणं अवघड होतं ते २००८ साली जवळजवळ अशक्य झालं, आणि त्याला हवापाण्याइतकीच निर्णय न घेण्याची सवय जबाबदार होती.

पाडकाम

२००७ मध्ये खुर्च्या, पाट्या, लॉकर यांचा लिलाव झाला. २००८ च्या उन्हाळ्यात बुलडोझर आले. मात्र तोपर्यंत एक संवर्धन संस्था उभी राहिली होती आणि तिने शहराशी तडजोड केली: मूळ नॅविन फील्डचा भाग, एका डगआउटपासून दुसऱ्या डगआउटपर्यंतचा स्टँड, तेवढा ठेवायचा, तिथे संग्रहालय आणि मुलांसाठी बेसबॉल. सिनेटर कार्ल लेव्हिन यांनी केंद्राकडून ३८ लाख डॉलर मिळवून दिले. अख्ख्या योजनेला अडीच कोटी डॉलरच्या वर लागणार होते आणि बरीचशी भिस्त वारसा-इमारतींच्या कर-सवलतींवर होती.

आणि मग वेळ बघा कसली आली. २००८ ची मंदी. सप्टेंबरमध्ये महापौर क्वामे किलपॅट्रिक यांचा राजीनामा. एप्रिल २००९ च्या शेवटी क्रायस्लर दिवाळखोरीत, १ जून २००९ ला जनरल मोटर्स, आणि दुसऱ्याच दिवशी, २ जूनला, शहराच्या आर्थिक विकास मंडळाने उरलेला भागही पाडायचा असं मतदान केलं. इथे गाड्यांच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना तो आठवडा काय होता हे सांगायला नको, ज्याची नोकरी राहते की जाते हे ठाऊक नाही तो स्टेडियमसाठी भांडायला कुठून येणार. संस्थेने कोर्टाकडून काही दिवसांचा स्टे आणला, तो टिकला नाही. सप्टेंबर २००९ पर्यंत सगळं साफ.

गवत कापणारे

उरलं काय, तर साडेनऊ एकर मोकळी जागा, कुंपण, आणि झेंड्याचा तो खांब. मैदान मात्र जिथल्या तिथे होतं! बेसच्या वाटा, पिचरचा उंचवटा, सगळं मातीत दिसत होतं, फक्त कमरेएवढं तण माजलं होतं.

मे २०१० मध्ये टायगर्सचे लाडके रेडिओ समालोचक अर्नी हार्वेल गेले. त्याच सुमाराला एक पोस्टमन आणि त्याचे काही मित्र स्वतःची गवत कापायची मशीन, फावडी, कचऱ्याच्या पिशव्या घेऊन आत शिरले आणि साफसफाई सुरू केली. पोलीस यायचे, ही खासगी जागा नाही पण तुम्हाला परवानगीही नाही, निघा, असं सांगायचे, हे निघायचे आणि पुन्हा यायचे. शहराकडे स्वतः गवत कापायला पैसे नव्हते (२०१३ मध्ये तर शहरच दिवाळखोर झालं) आणि फुकट कापणाऱ्यालाही येऊ द्यायचं नाही, या पेचाला काय म्हणावं.

तरी ते वर्षानुवर्षं येत राहिले. होम प्लेट बसवली, उंचवटा नीट केला. आणि लोक यायला लागले. बाप मुलाला घेऊन यायचा आणि डाव्या बाजूला उभं राहून दाखवायचा की हॉर्टनने थ्रो केला तो इथून, आणि मग तो पोरगा तिथून होम प्लेटपर्यंत बॉल फेकून बघायचा, अर्ध्यात पडायचा, परत फेकायचा. लोकांनी तिथे लग्नं लावली, काहींनी आपल्या माणसांची रक्षा तिथल्या मातीत विसर्जित केली. स्टँड नव्हता, छत नव्हतं, एकही खुर्ची नव्हती, आणि त्यावाचून कोणाचं काही अडलेलं दिसलं नाही.

परिणाम

शेवटी शहराने जागा डेट्रॉइट पोलीस अॅथलेटिक लीग या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिली. मार्च २०१८ मध्ये 'द कॉर्नर बॉलपार्क' सुरू झालं, मैदानाला विली हॉर्टन यांचं नाव, मिशिगन अव्हेन्यूच्या कडेला घरं आणि दुकानं. खेळायची जागा तीच, झेंड्याचा खांब तोच. डेट्रॉइटची पोरं कॉब जिथे खेळला तिथे खेळतात. ही गोष्ट लहान नाही.

पण खरं गवत काढून कृत्रिम टर्फ टाकलं. संस्थेचं म्हणणं की हजारो मुलं, अनेक खेळ, पाऊस-थंडी, खरं गवत टिकणार नाही. गवतवाल्यांचं म्हणणं की ही जागा जपायची तर माती आणि गवतासकट जपा. त्यांचं ऐकलं गेलं नाही आणि त्यांनी तिथून निरोप घेतला. तिथून ते गेले हॅमट्रॅमकला, निग्रो लीगच्या (काळ्या खेळाडूंना मेजर लीगमध्ये घेत नसत तेव्हाची त्यांची वेगळी लीग) डेट्रॉइट स्टार्स संघाच्या १९३० च्या स्टेडियमवर, जे पडीक होतं, आणि तिथलं गवत कापायला लागले. त्या मैदानाची दुरुस्ती होऊन २०२२ मध्ये ते स्टार्सचे खेळाडू टर्की स्टर्न्स यांच्या नावाने पुन्हा सुरू झालं. टायगर्सनी ज्यांना दार उघडलं नव्हतं त्या खेळाडूंचं मैदान टायगर स्टेडियमच्या वेड्यांनी सांभाळलं, हा या प्रकरणातला मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग आहे.

वेगळं काय करता आलं असतं

कॉक्रेन प्लॅनची त्रयस्थ इंजिनिअरकडून तपासणी व्हायला हवी होती. एका बाजूला चाहत्यांचे आकडे, दुसऱ्या बाजूला 'गंजलंय' एवढंच, आणि मधे कोणी नाही, अशात मतदारांनी ठरवायचं तरी कशावर.

१९९६ ला नव्या स्टेडियमला पैसे देताना शहराच्या हातात पत्ते होते. त्याच करारात जुन्या जागेच्या जबाबदारीची आणि मुदतीची अट घालता आली असती, म्हणजे टीम गेल्यावर अमुक वर्षांत अमुक वापर, नाहीतर मैदान मोकळं ठेवून बाकी पाडा. एकदा सही झाल्यावर टीमला जुन्यात रस राहण्याचं कारणच उरलं नाही.

संवर्धन संस्थेच्या बाबतीत मला वाईट वाटतं, कारण त्यांनी मनापासून काम केलं. पण त्यांनी सगळा जोर स्टँडच्या तुकड्यावर लावला, जो सगळ्यात महाग आणि सगळ्यात खराब झालेला भाग होता. 'स्टँड गेला तरी मैदानाला हात लावायचा नाही आणि लोकांना आत येऊ द्यायचं' अशी लेखी दुसरी मागणी २००८ मध्येच टेबलावर असती तर तिला जवळजवळ काहीच खर्च नव्हता. पुढची काही वर्षं पोलिसांनी गवतवाल्यांना हाकलण्यात गेली नसती, आणि २०१४ नंतर टर्फचा वाद आला तेव्हा त्यांची बाजू कागदावर असती.

टर्फबद्दल माझं मत सांगतो. मुलांच्या संस्थेची अडचण खरी होती, एवढ्या पोरांनी रोज खेळायचं तर गवत सांभाळायला माणसं आणि पैसा लागतो. पण ज्यांनी ते गवत वर्षानुवर्षं फुकट सांभाळून दाखवलं होतं तीच माणसं समोर उभी होती. आधी दोन सीझन त्यांच्यावर सोपवून बघायचे, नाही जमलं तर टर्फ टाकायचं, टर्फ काय नंतरही टाकता आलं असतं.